ढोबळ पाणी, निव्वळ पाणी



नातू शिकायला बाहेरगावी गेला आणि त्याची माशांची टाकी माझ्याकडे आली. टाकी आणायला माझा विरोधच होता, कोंडलेला जीव बघवत नाही. पण आता मासे सोडायचे तरी कुठे? पवनेत सोडावे तर ते जगतील याची खात्री नाही, आणि जगले तर तिथल्या जिवांना त्रास. तेव्हा जयणेने सांभाळायचे ठरवले.

पावसाळ्यात माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. औषध आणले. बाटलीवर लिहिले होते, 10 लिटरला 1 थेंब. टाकी घेताना '160 लिटरची' असे सांगितलेले मला आठवत होते, म्हणून 16 थेंब टाकले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मासा तरंगत होता.

रोगाने गेला की औषधाने, सांगता येणार नाही. पण थेंब मी मोजले होते, पाणी मोजले नव्हते. प्रतिक्रमणाला बसले तरी तेच मनात येत राहिले.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बसले. टाकी बाहेरून 3 फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. एका घनफुटात सुमारे 28.3 लिटर पाणी, म्हणजे 159 लिटर. हा झाला ढोबळ आकडा. बी.कॉम.ला आपण काय शिकलो? ढोबळ नफ्यातून खर्च वजा केल्याशिवाय निव्वळ नफा कळत नाही. इथेही तसेच.

काचेची जाडी सोडून आतली लांबी 90 सेंटिमीटर, रुंदी 36.5. पाणी काठोकाठ नसतेच. तळाच्या काचेपासून पाण्याच्या पातळीपर्यंत 39. तिन्हींचा गुणाकार करून 1000 ने भागले, 128 लिटर आले.

मग खडी. तिचा थर 5 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 16 लिटर. पण खडीच्या फटीतही पाणी असते. उरलेली कोरडी खडी 1 लिटरच्या मापात भरली आणि वरून पाणी ओतले. 400 मिलिलिटर मावले. म्हणजे खडीने खरी जागा व्यापली 60 टक्के, सुमारे 10 लिटर. शोभेचे दगड काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवले, सांडलेले पाणी 4 लिटर भरले.

128 मधून 14 गेले. निव्वळ पाणी 114 लिटर! थेंब हवे होते 11, मी टाकले 16.

थोडे पाणी बदलले आणि पुढची मात्रा 114 च्या हिशोबाने दिली. बाकीचे पाच मासे बरे झाले.

आपल्याकडे 2019 पासून पाणी दिवसाआड येते. निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन आलेल्या या पाण्यात क्लोरीन असते, आणि ते माशांना बाधते. म्हणून टाकीसाठीचे पाणी मी बादलीत भरते आणि क्लोरीन घालवणारे औषध त्या बादलीतल्या लिटरांपुरतेच घालते.

आपण पाणी गाळून घेतो, जिवाणी जपून परत सोडतो. पाणी मोजणेही मला आता त्यातलेच वाटते. टाकीच्या मागे चिठ्ठी चिकटवली आहे: 'निव्वळ पाणी 114 लिटर'. तुमच्या घरी टाकी असेल तर आजच मोजा. त्या गेलेल्या जिवाला, मिच्छामि दुक्कडम्.