नागीन-एक्स

परवा ऑफिसात (अर्थात हिंजवडी!) मीटिंग होती. आदल्या रात्री साइट झोपली होती, तिचं पोस्टमॉर्टेम. टीममधली नवी मुलगी, परभणीची, लागून जेमतेम तीन महिने झालेत. म्हणाली, "सर, नगिन्क्सचा टाइमआउट कमी पडतोय."

झालं! एकाने हातानेच पुंगी वाजवली, दुसरा फणा काढून डोलायला लागला. सगळे खिदळले. मीसुद्धा. ती गप्प बसली आणि पुढचा अर्धा तास आम्ही भलतीकडेच शोधत राहिलो. शेवटी निघाला टाइमआउटच.

आता उच्चार 'इंजिन-एक्स' आहे हे खरं. रशियाच्या इगोर सिसोयेवने २००४ साली तो सर्व्हर लोकांपुढे आणला. त्याच्या अधिकृत पानावर नावाशेजारीच उच्चार दिलाय. द्यावा लागला, यातच काय ते आलं!

आणि हसणारे आम्ही तरी कोण? एसक्यूएलला 'सीक्वेल' म्हणणारे. १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइसने ते मांडलं तेव्हा नाव खरंच सीक्वेल होतं, पुढे ट्रेडमार्कच्या भानगडीत बदललं. कुबरनेटिस म्हणजे ग्रीकमध्ये सुकाणू धरणारा, आपला तांडेलच म्हणा ना. ग्रीक माणूस आज त्याला 'किवेर्नीतिस' म्हणतो. म्हणजे आमच्या मजल्यावर तो शब्द बरोबर म्हणणारा एकही नाही. त्याची ती कमांड मी 'क्यूब-कटल' म्हणतो, शेजारचा 'क्यूब-कंट्रोल'. टाइप केली की दोघांचीही चालते.

खरं तर तिने तो शब्द कधी ऐकलाच नव्हता. रात्री रूमवर एकटीने वाचून शिकली आणि आपण देवनागरीवाले जसं दिसेल तसं वाचतो, तसंच वाचलं. (तरी 'चार' आणि 'चारा'मधला च वेगळा, ते कुठे लिहिलेलं असतं? असो.)

मी जालन्याहून इथे आलो तेव्हा मेसमध्ये 'पानी' मागितलं होतं. टेबलावरून लगेच आवाज आला, "बाणातला ण रे!" मग कितीतरी दिवस मी पाणी मागायचोच नाही, उठून स्वतः घ्यायचो. मीटिंगमध्ये हसताना हे आठवलं नाही, घरी जाताना वाकडच्या ट्रॅफिकमध्ये आठवलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या डेस्कपाशी जाऊन सॉरी म्हटलं. चूक तुझी नव्हती, टाइमआउटही तूच बरोबर पकडला होतास, वगैरे.

"ठीके सर," ती म्हणाली. "आता मी नुसतं 'वेब सर्व्हर' म्हणते."