ओळखीचा डॉक्टर

1974 साली लग्न होऊन लेस्टरला आले, तेव्हा दवाखाना आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच होता, एका घराच्या पुढच्या खोलीत. अपॉइंटमेंटची भानगड नव्हती. जाऊन बसायचं, आपल्याआधी कोण आलंय ते ध्यानात ठेवायचं आणि पाळी आली की आत जायचं. डॉक्टर आपल्याकडचेच. इंग्लंडच्या कारखान्यांच्या गावांत आणि वेल्सच्या खाणपट्ट्यात तेव्हा असे पुष्कळ भारतीय डॉक्टर होते. जिथे गोरे डॉक्टर जायला राजी नसत, तिथले दवाखाने त्यांनी वर्षानुवर्षं चालवले. टेबलावर माझ्या दुखण्यांच्या नोंदींचं तपकिरी पुठ्ठ्याचं पाकीट असायचं, तळहाताहून जरासं मोठं, घड्या घातलेल्या कागदांनी फुगलेलं. ते उघडायची वेळ क्वचितच यायची. गावाकडून पत्र आलं का, इथपर्यंत चौकशी व्हायची, आणि परक्या गावात तेवढ्याने निम्मं दुखणं पळायचं.

पहिल्या बाळंतपणात आठवडाभर हॉस्पिटलात ठेवून घेतलं. भेटीच्या वेळा कडक. शाकाहारी म्हणून ताटात उकडलेला बटाटा आणि कोबी, रोज तेच. हे संध्याकाळी डब्यातून मुगाची खिचडी आणत. घरी आल्यावर मिडवाइफ रोज येई. बाळाची नाळ बघे, माझे टाके बघे. एकदा अळिवाची खीर शिजत होती, तर तिने काय आहे ते विचारलं आणि वाटीभर खाल्लीसुद्धा. आई हजारो मैलांवर होती. त्या दिवसांत मला आधार वाटला तो या बाईचा. आणि या सगळ्याचं बिल कधी आलं नाही. कोळशाच्या खाणीत काम केलेल्या अनायरिन बेव्हन नावाच्या मंत्र्याने 1948 मध्ये ही व्यवस्था उभी केली, हे मला फार उशिरा कळलं.

आता डॉक्टरांना भेटायचं तर सकाळी आठच्या ठोक्याला दवाखान्यात फोन लावायचा आणि रेकॉर्ड केलेला आवाज ऐकत रांगेत थांबायचं. पुरळ उठलं तर फोटो काढून पाठवा म्हणतात. दर वेळी डॉक्टर नवा, आणि त्याला माझी कहाणी पहिल्यापासून सांगायची. मुलगी बाळंत झाली ती दुसऱ्याच दिवशी घरी आली.

तरी आताचं सगळंच वाईट, असं मी म्हणणार नाही. रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर दिसतो. आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचा संच पोस्टाने घरी येतो. तेव्हा असं काही असतं तर आमच्यातली एकदोन माणसं वाचली असती, असं मला आजही वाटतं. साध्या घसादुखीला आता औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच गोळ्या देऊ शकतो. पण मला ओळखणारा डॉक्टर हवा आहे, आणि म्हातारपणी ही मागणी अवाजवी नाही.

तेव्हा औषधामागे 20 पेन्स पडत. 2024 मध्ये इंग्लंडात 9.90 पौंड झाले. साठीनंतर माफ, म्हणून मला झळ नाही. झळ बसते ती पुण्या-नाशकाहून शिकायला येणाऱ्या पोरांना. 2015 पासून व्हिसाबरोबरच आरोग्याचा अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्याला तो आता वर्षाला 776 पौंड आहे. आमच्याकडून असं काही कुणी घेतलं नव्हतं. ही मुलं घरी जेवायला आली की मी त्यांना बजावते: पैसे भरलेत ना, मग पहिल्याच आठवड्यात जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवा, ताप येईपर्यंत थांबू नका.