कोकणकड्यावरचं गोल इंद्रधनुष्य

“मावशी, किती उरले?”

गड चढताना माझ्या भाच्यानं हे दहा वेळा तरी विचारलं असेल. तुम्हाला वाटेल, लाडू मोजतोय की काय! लाडू नव्हेत हो, फोटो.

त्याचं असं झालं, की माझ्या बाबांना दोन वेडं. डोंगर चढायचं आणि फोटो काढायचं. त्यांचा जुना रोलचा कॅमेरा अजून ठणठणीत आहे. रोल म्हणजे काय ते तुमच्या आईबाबांना विचारा. एका रोलवर फोटो छत्तीस. कसा आलाय ते लगेच बघायची सोय नाही, पुसून पुन्हा काढायचीही नाही. रोल धुवून आला की कळणार, डोकी आलीत की नुसते पाय!

बाबा हरिश्चंद्रगड सात वेळा चढले. पण कोकणकड्यावरचं इंद्रवज्र काही त्यांना दिसलं नाही. आता गुडघे ऐकत नाहीत. म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही निघालो, तेव्हा त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “एवढा एक फोटो आण.”

हा गड अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. उंची सुमारे १४२४ मीटर. आदल्या दिवशी पायथ्याच्या पाचनई गावात मुक्काम केला. तिथंच माझे सोळा फोटो उडाले. भातखाचरं, धबधबे, चुलीजवळची मांजर! वर्गात मुलांना काटकसर शिकवणारी मी, पण हातात कॅमेरा आला की माझंच मूल होतं.

पहाटे साडेचारला बॅटरीच्या उजेडात चढायला लागलो. वाट दाखवायला गावातले एक काका होते. पायात साधी चप्पल, तरी ते पुढे आणि बूटवाले आम्ही मागे. फटफटलं तशी सोनकीची पिवळी फुलं दिसायला लागली. मग काय, आणखी फोटो. देवळापाशी पोचलो तेव्हा उरले होते दोन.

देवळापासून पश्चिमेला कोकणकडा. हा कडा सरळसोट नाही, आत वळलेला आहे, एखाद्या प्रचंड वाटीचा अर्धा तुकडा उभा केल्यासारखा. खाली एकदम कोकण. आम्ही पोचलो तेव्हा मात्र कोकण नाही आणि कडाही नाही, सगळा पांढरा कापूस. काकांनी आम्हाला काठापासून बरंच मागं बसवलं. “ताई, धुक्यात कडा कुठं सरतो ते कळत नाही. बघायचं असेल तर पोटावर झोपून बघायचं.”

तासभर बसलो. आठच्या सुमारास पाठीवर ऊन आलं. आणि समोर धुक्यावर एक गोल उमटला. कमान नव्हे हं, पुरता गोल! बाहेरून तांबूस, आत निळसर, आणि मधोमध माझी सावली.

मी उठले. डोळा कॅमेऱ्याला लावला. गोल चौकटीत नीट बसेना, म्हणून एक पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक. तेवढ्यात पाठीवरची पिशवी कुणीतरी मागं खेचली आणि मी चिखलात बदकन बसले. बटण दाबलं गेलं ते तसंच.

काका काही बोलले नाहीत. नुसतं बोटानं दाखवलं. मी उभी होते तिथून काठ दोन हातांवर होता. कॅमेऱ्यातून तो मला दिसलाच नव्हता. माझे हात पाय कापायला लागले.

नंतर आम्ही तिघंही पोटावर आडवे होऊन सरकलो, काकांचा हात भाच्याच्या पट्ट्यावर. भाचा ओरडला, “मावशी, गोल माझ्या डोक्याभोवती आहे!” मी म्हटलं, “नाही रे, माझ्या!” दोघंही खरं बोलत होतो, बरं का. पाठीमागे सूर्य आणि समोर धुकं असलं, की धुक्यातले बारीक थेंब उजेड आल्या वाटेनं परत फेकतात आणि त्यात रंग सुटे होतात. प्रत्येकाला तो गोल स्वतःच्याच सावलीभोवती दिसतो. शेजारच्याची सावली दिसली तरी तिचं वलय दिसत नाही.

साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं याच कड्यावरून हे पाहिलं होतं. गोलात आपली, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली दिसल्याचं त्यानं लिहिलं, ते १८३५ साली लंडनमध्ये छापलं गेलं. त्याच्याजवळ कॅमेरा कुठला! डागेरनं आपली फोटोची रीत जगापुढे आणली १८३९ साली.

दोन-तीन मिनिटांत सगळं मिटलं. मोबाइल दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला, गाठी सोडेपर्यंत धुकं वर आलं होतं. शेवटचा फोटो मी भाच्याचा काढला, चिखलानं माखलेला, दात काढून हसतानाचा. परत येताना केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात उतरलो. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि मधे भलीमोठी पिंडी. पण तिचा फोटो नाही, रोल संपला होता.

रोल धुवून आला. पस्तिसावा फोटो नुसता पांढरा, कोपऱ्यात माझा अंगठा. तो बाबांच्या हातात देताना मला फार वाईट वाटलं. पिशवी ओढल्याचंही सांगावं लागलं. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काकांना काही दिलंस की नाही?” पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः हळदीकुंकवाच्या रंगाचं एक उबदार घोंगडं घेऊन माझ्याकरवी पाचनईला पाठवलं.

भाच्यानं मात्र आजोबांना इंद्रवज्राचं चित्र काढून दिलं. ढगावर तीन सावल्या, एकीभोवती रंगीत गोल. बाबांनी विचारलं, “यातली मावशी कोणती?”

“ही बिनगोलाची,” तो म्हणाला. “तिचा गोल मला दिसलाच नाही. तो तिलाच विचारा.”