आकाशवाणी आणि यजमान

आकाशवाणीच्या कार्यक्रमांस व्यापाऱ्यांचे द्रव्य घ्यावे की न घ्यावे, या प्रश्नाचा आमच्या घरी अलीकडे बराच खल झाला. आमचे गाव माण. हिंजवडीस लागून असलेल्या या गावाच्या शिवारात राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा राहिला आहे. तेथील एका कंपनीत नोकरीस असलेला आमचा पुतण्या कोणत्याही गोष्टीचा खर्च कोण सोसतो, हे आधी पाहतो. ज्यास माल विकावयाचा आहे त्याने कार्यक्रमाचे पैसे भरावेत, सरकारने का भरावेत, हा त्याचा रोखठोक सिद्धान्त.

या सिद्धान्तास आधार नाही असे नव्हे. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांस चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते असे वाटले, आणि ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय केले? काटा फिरवून सिलोन लावले! तेथे दर बुधवारी एका टूथपेस्टच्या नावाने अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' रंगत असे. सरकारने दार लावले आणि टूथपेस्टवाल्याने खिडकी उघडली, असा तो प्रकार. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती निघाली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तीवर जाहिराती घेण्यास प्रारंभ झाला, तो मुंबई, पुणे व नागपूर या आपल्याच केंद्रांवरून. गीतमाला आम्हीही मोठ्या आवडीने ऐकली आहे. तेव्हा व्यापाऱ्याच्या पैशास सरसकट नाक मुरडणे आम्हांस शोभणार नाही.

परंतु पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' आरंभिले, त्यामागे कोण व्यापारी होता? आठवड्यास एक याप्रमाणे छपन्न गीते वर्षभर चालली, आणि ती एकीकडे लिहिली जात होती, एकीकडे गाइली जात होती. जे अद्याप लिहूनच झालेले नाही त्यावर वर्षभराचे पैसे लावणारा दुकानदार आम्हांस तरी ठाऊक नाही.

कीर्तनास यजमान असतोच. तो बुवांस नारळ व दक्षिणा देतो, प्रसाद त्याच्या नावे वाटला जातो, आणि त्यात कोणासही वावगे वाटत नाही. मात्र आख्यान कोणते लावावयाचे हे बुवा ठरवितात, व पूर्वरंगात यजमानाच्या दुकानातील साखरेचा भाव सांगत नाहीत. अमेरिकेतील सार्वजनिक नभोवाणी केंद्रांस असाच दंडक आहे: देणाऱ्याचे नाव घ्यावे, पण त्याच्या मालाची थोरवी गाऊ नये, 'विकत घ्या' म्हणू नये. आपल्या कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास द्यावे लागतात. जाहिरातीचा लाभ साधण्यासाठी दिलेले प्रायोजन त्यात धरू नये, असे २०२१ च्या नियमांत स्पष्ट सांगितले आहे. शास्त्रकारांनी विहीर, तलाव, अन्नदान यांस पूर्तकर्म म्हटले. विहिरीवर बसून घागरी विकण्यास म्हटले नाही.

सरकारी पैसा आला म्हणजे सारे निर्धास्त झाले, असेही समजू नये. २०२३ च्या जूनमध्ये पुणे केंद्राच्या वृत्तविभागाचे काम छत्रपती संभाजीनगरास हलविण्याचा हुकूम निघाला होता; पुष्कळ ओरड झाली तेव्हा कोठे तो स्थगित झाला.

आमच्या जिवाचा प्रश्न निराळाच आहे. ३० जून १९७४ पासून आकाशवाणीवर संस्कृत वार्ता प्रसृत होतात. अवघी पाच मिनिटे. परंतु ज्या भाषेचे शब्द आम्ही जन्मभर फळ्यावर चालवून दाखविले, ती भाषा पूर, अंदाजपत्रक आणि क्रिकेटचे सामने सांगताना ऐकली की तिच्या अंगी अजून धुगधुगी आहे असे वाटते. या पाच मिनिटांत विकण्याजोगे काही नाही. बाजाराच्याच तराजूत सर्व तोलावयाचे ठरले, तर पहिली कात्री येथे लागेल.

तेव्हा आम्ही पुतण्यास म्हटले, तुमच्या कंपनीस खरोखर यजमान व्हावयाचे असेल, तर या वार्तांचा भार उचला, आरंभी एकवार नाव सांगू द्या, आणि मग स्वस्थ बसून ऐका. कचेरीत सुचवून पाहतो, असे तो म्हणाला. मात्र ऐकणारे किती, हे तेथे प्रथम विचारतील, असेही जाता जाता सांगून गेला.