आडनावापुढचं उद्गारचिन्ह

कर्जत-खालापूरकडच्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये आपली नावं दोन तऱ्हांची सापडतात. कोकणी घरांतली मुलं मुकादम, काझी, खोत. तिथे आडनावाचा प्रश्नच नाही. पण खोपोलीच्या कारखान्यांसाठी उत्तरेकडून आलेल्या घरातली मुलगी असते सानिया खातून, वडील मोहम्मद इरफान. यात आडनाव कोणतं? खातून म्हणजे बाई. तरी रकाना असतो, म्हणून भरला जातो: एका कागदावर खातून, दुसऱ्यावर शेख, तिसऱ्यावर नुसता ठिपका. पुढे आधार आणि दाखला जुळत नाही, आणि हेलपाटे बापाला पडतात.

वर्गातल्या मुलांची नावं उर्दू, मराठी आणि इंग्रजीत नीट नोंदवावीत म्हणून भाच्याच्या मदतीने एक छोटं वेब ॲप करायला घेतलं. त्याने ग्राफक्यूएल निवडलं. फेसबुकने 2012 मध्ये स्वतःच्या मोबाइल ॲपसाठी ते बनवलं आणि 2015 मध्ये सर्वांना खुलं केलं. त्याच्या मुळाशी असतो स्कीमा, म्हणजे कोणत्या नोंदीत कोणते रकाने आहेत याचा आराखडा. कोडजेन नावाचं साधन तो आराखडा वाचून टाइपस्क्रिप्टचे टाइप आपोआप लिहून देतं.

मांडणी अवघड नाही. एका फाइलमध्ये तीन गोष्टी सांगायच्या: स्कीमा कुठे, आपल्या क्वेरी कुठे, तयार टाइप कुठे ठेवायचे. मग एक कमांड. क्वेरीत नसलेला रकाना मागितला तर कोडजेन तिथेच अडतं. टाइपस्क्रिप्टचा स्ट्रिक्ट पर्याय मात्र चालू हवा. नाहीतर रिकामा रकाना गुपचूप निसटतो.

स्कीमात रकान्याच्या प्रकारापुढे उद्गारचिन्ह असलं, तर तो रिकामा चालत नाही.

“मामू, आडनावाला लावू ना? सगळीकडे कंपल्सरीच असतं.”

“नको रे, बाळा.”

ते चिन्ह काढून कोडजेन पुन्हा चालवलं, तर दाखल्याचा मसुदा, हजेरीची यादी, शोध, सगळीकडे लाल रेघा. आडनाव नसेल तर इथे काय छापायचं, असं प्रत्येक रेघ विचारत होती. बसून एकेक ठरवलं.

चिन्ह राहिलं असतं, तर एकही रेघ उमटली नसती. आणि ग्राफक्यूएलचा नियम असा, की अनिवार्य रकाना रिकामा निघाला तर तेवढाच रकाना नाही, ती अख्खी नोंदच रिकामी परत येते. आडनाव नाही म्हणून मुलगीच नाही! ते टाळायला मग कुणीतरी ठिपका टाकतो.

आपोआप बनलेले टाइप स्कीमाशी इमानदार असतात, त्यातल्या गृहीतकांशीही. उर्दूत झाकीर ज़ालने, झीनत ज़ेने, झिया ज़ादने, झफर ज़ोएने लिहितात. मराठीत चौघांना एकच झ. म्हणून उर्दू नावाचा रकाना वेगळा ठेवला. तो भरलाय एवढं टाइप सांगतो. हर्फ बरोबर आहे का, हे उस्तादाने आणि आईबापानेच पाहायचं.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नावही येतं. ती मुलं 2030 च्या सुमारास पहिलीत येतील. तेव्हा आराखड्यात तो रकाना वाढेल, आणि कोड कुठे बदलायचा ते कोडजेन दाखवेल. मोठ्या भावंडांच्या नावात तो नसेल, म्हणून तिथे उद्गारचिन्ह लावायचं नाही, हे मात्र आपल्यालाच सांगावं लागेल. आपली पोरं आता हे काम शिकतायत. रकाने आखताना त्यांनी घरातली नावं आठवावीत, इतकंच मागणं.