फेराइटची कांडी

खिशात मावणारा कोणताही ट्रान्झिस्टर उघडा. आत एक करडी कांडी आणि तिच्यावर बारीक तारेचे वेढे दिसतील. मीडियम वेव्हवर जे ऐकू येतं, ते सगळं या बोटभर कांडीतून आत येतं. आपण ओढून वर करतो ती एरियल एफएमसाठी. मीडियम वेव्हला तिचा उपयोग नसतो. रेडिओ सुधारायचा म्हणून कुणी मोठा स्पीकर जोडतं, कुणी आवाज वाढवणारं सर्किट घालतं. मी कांडी बदलतो. तिने जे वेचलंच नाही, ते पुढचं कुठलंही सर्किट आणून देऊ शकत नाही. ॲम्प्लिफायर बोलण्याबरोबर खरखरही तेवढीच मोठी करतो.

फेराइट हे लोखंडाचं आणि मँगनीज, निकेल, जस्त अशा धातूंचं ऑक्साइड एकत्र भाजून केलेलं सिरॅमिक. रेडिओलहरीतलं चुंबकीय क्षेत्र ते आपल्यात ओढून घेतं, आणि कांडीची लांबी वाढली की ही ओढही वाढते. दहा मिलिमीटर जाडीची, वीस सेंटिमीटर लांबीची कांडी पुण्यात तपकीर गल्लीत शोधावी, नाहीतर जुन्या बाजारातल्या मोडक्या टेबल-रेडिओतून काढावी. ती जपून हाताळावी लागते, फरशीवर पडली की दोन तुकडे ठरलेले.

वेढ्यांसाठी मी लिट्झ वायर वापरतो. या कंपनसंख्येला वीज तारेच्या पृष्ठभागालगतच वाहते, म्हणून एका जाड तारेपेक्षा एनॅमल चढवलेले बारीक पदर पिळून केलेली तार सरस ठरते. मात्र टोकाला कथिलाचा डाग देताना प्रत्येक पदर पकडला गेला पाहिजे. मूळ कॉइलचं इंडक्टन्स आधी मोजून घ्यायचं आणि नव्या कॉइलचंही तेवढंच ठेवायचं, नाहीतर डायल आणि स्टेशन यांचा मेळ बिघडतो. ३६५ पिकोफॅरडच्या गँगला, म्हणजे स्टेशन लावताना फिरणाऱ्या कपॅसिटरला, साधारण २४० मायक्रोहेन्री लागतात. मग बँडचं खालचं टोक ५४० किलोहर्ट्झच्या आसपास येतं. कांडी लांब, तर वेढे कमी.

कॉइल थेट कांडीवर न गुंडाळता कागदाच्या नळीवर गुंडाळावी, म्हणजे ती सरकवता येते. माझा सगळ्यात आवडता भाग इथून सुरू होतो. ६०० किलोहर्ट्झजवळचं एखादं क्षीण स्टेशन लावायचं आणि कॉइल हळूहळू सरकवायची. मध्यावर इंडक्टन्स जास्त, टोकाकडे कमी. मग १४०० जवळ जाऊन ट्रिमर, म्हणजे गँगला जोडलेला छोटा कपॅसिटर, फिरवायचा. एक टोक जुळवलं की दुसरं थोडं हलतं, म्हणून पुन्हा खाली, पुन्हा वर. पुण्यात ७९२ वरचं स्थानिक केंद्र यासाठी कामाचं नाही. ते इतकं जोरात येतं की फरक कळतच नाही. क्षीण स्टेशनवर मात्र कॉइल नखभर सरकली की फुसफुशीतून शब्द सुटे होतात. तिथे मेणाचा थेंब टाकून तिला पक्की करायची.

मोठी कांडी घरातला गोंगाटही जास्त गोळा करते, हे खरं. पण तिला एक दिशा असते: कांडी ज्या रेषेत आहे, त्या रेषेतून येणारं तिला जवळजवळ ऐकू येत नाही. एलईडी दिव्याची किंवा मोबाइल चार्जरची घरघर येत असेल तर रेडिओ आडवाच सावकाश फिरवत राहावा; एका कोनात ती बुडते. रात्री आकाशातून परतणाऱ्या लहरी दूरची केंद्रं एकमेकांवर आणून टाकतात, तेव्हाही याच फिरवण्याने त्यांतलं एक वेगळं काढता येतं. अशी फिरवता यावी म्हणून नवी कांडी पेटीबाहेर बसवावी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवावी आणि तिच्याभोवती धातूचं बंद कडं कधीही घालू नये. प्लॅस्टिकची पट्टी पुरते.

घरातला बंद पडलेला मोठा रेडिओ भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहा. बाकीचे बरेच भाग बाजारात नवे मिळतात; लांब, चांगली कांडी सहज मिळत नाही. तेवढी तरी काढून ठेवा.