सातारा-सांगली, व्हाया पेठ नाका

हायवेवरून कोल्हापूरला जाणारी मंडळी साताऱ्याला बायपासवरून टाटा करतात आणि पेठ नाक्याला डावीकडे वळायचा तर प्रश्नच येत नाही. तिकडे सांगली आहे हे त्यांना माहीत असतं, एवढंच. मीही त्यातलीच. माहेर साताऱ्याचं, मावशी सांगलीची, तरी पुण्यात नोकरीला लागल्यापासून तिच्याकडे गेले ते फक्त लग्नकार्याला. गेल्या पावसाळ्यात मात्र पुणे-सातारा-सांगली अशा नऊ ट्रिपा झाल्या. ऑफिसात विचारलं की सांगायचे, ‘मावशीची तब्येत.’ मावशी ठणठणीत आहे. डॉक्टरकडे जायचं होतं ते मला. वय बेचाळीस, मूल हवं होतं आणि आयव्हीएफची तिसरी सायकल होती.

आधीच्या दोन पुण्यात झाल्या. क्लिनिकचं नाव कशाला? रिसेप्शनला एसी, पॉट कॉफी आणि भिंतभर गोंडस बाळांचे फोटो. त्या भिंतीसमोर बसून आम्ही दोनदा कार्ड स्वाइप केलं. माझ्या वयाच्या बाईला स्वतःच्या बीजावर मूल होण्याची शक्यता एका सायकलमागे दहा टक्क्यांच्या आसपास आणि त्र्येचाळीस-चव्वेचाळिशीत त्याहूनही खाली, हा आकडा तिथे कुणी उच्चारला नाही. मीही विचारला नाही म्हणा. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये रिस्कचा कॉलम भरल्याशिवाय मी पुढे सरकत नाही, आणि इथे तो कॉलमच नव्हता हे माझ्या लक्षात आलं नाही.

तो आकडा मला सांगलीत कळला. मावशीच्या ओळखीच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिला. वर म्हणाल्या, ‘हे वाचून उद्या फोन करा. आज काही ठरवू नका.’ बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, ‘हिच्याकडेच करायचं.’ मलाही तेच वाटत होतं.

तसं पाहिलं तर पेशंट लोकांनी या बाजूला येणं नवीन नाही. शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं ऑपरेशनला मिरजेला येतात. दवाखाना, लॅब, मेडिकल आणि नातेवाइकांसाठी लॉज हे मिरजेत असं शेजारी शेजारी आहे, की लक्ष्मी रोडवर साड्यांची दुकानंही इतकी चिकटून नसतील.

आता रूट सांगते. पुण्याहून सकाळी सहाला निघालं तर खंबाटकी ओलांडून नऊच्या आत साताऱ्यात. नाश्ता आईकडे. मग उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा. हायवेचं सहापदरीकरण चालू होतं, त्यामुळे कराडच्या आसपास डायव्हर्जनचे खड्डे मोजत जायचं. एम्ब्रियो ट्रान्स्फरनंतर त्याच खड्ड्यांतून परत यायचं होतं, तेव्हा मी मॅडमना विचारलं, ‘गाडीच्या धक्क्यानं काही होईल का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही. गर्भ असा पडत नाही.’ हे वाक्य मी अख्खा रस्ताभर जपासारखं म्हणत आले.

तुम्हाला घाई नसेल तर रेल्वेनं जा. साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, गावापासून लांब, त्यामुळे सातारकर रेल्वेला फारसे भाव देत नाहीत. पण कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, किर्लोस्करवाडी, भिलवडी ही गाडी पावसाळ्यात खिडकीशी बसून बघण्यासारखी आहे. आधी आलं, मग सोयाबीन, आणि कराडच्या पुढे ऊसच ऊस. समोरच्या आजींनी मला शेंगा दिल्या आणि विचारलं, ‘पोरं किती?’ मी म्हटलं, ‘नाहीत.’ त्या म्हणाल्या, ‘असू दे,’ आणि आणखी मूठभर दिल्या. या विषयावर वर्षभरात ऐकलेलं सर्वांत शहाणं बोलणं हेच.

औषधाची इंजेक्शनं थंड ठेवावी लागतात, दोन ते आठ डिग्रीत. त्यामुळे माझ्या सीटखाली कायम एक आइसबॉक्स. साताऱ्याला पोचल्या पोचल्या तो आईच्या फ्रिजमध्ये कंदी पेढ्यांच्या खोक्यामागे लपवायचा. तिसऱ्या ट्रिपला आईनं सुया पाहिल्या. ‘तुला शुगर आहे का गं?’ मी हो म्हटलं. काय करणार? आईला सांगितलं की सगळ्या साताऱ्याला कळणार, असा माझा हिशेब. पुढचे दोन महिने मला बिनसाखरेचा चहा आणि ज्वारीची भाकरी मिळाली. सातारला माहेर असून पेढा नाही! ताटातला गोडाचा तुकडा माझ्यासमोरून उचलताना आईचं तोंड असं व्हायचं, की मला दोनदा खरं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

सांगलीत मावशीचं घर विश्रामबागला. वरची खोली माझी. दिवसभर लॅपटॉपवर कॉल्स, संध्याकाळी पोटात सुई. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस ही सुई चालते. एरवी महिन्याला एकच बीज तयार होतं, औषधानं चार-सहा एकदम वाढावीत अशी खटपट. दर दोन दिवसांनी सोनोग्राफी आणि मिलिमीटरचा हिशेब. बीजाची पिशवी अठराच्या आसपास गेली की गाडी तयार.

त्याच दिवसांत कृष्णा वाढत होती. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठून एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणत नाहीत, ‘आयर्विनला किती?’ विचारतात. १९२९ चा हा आयर्विन पूल गावाचा थर्मामीटर आहे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. मावशीची नणंद तेव्हा गावातलं घर सोडून इथे याच खोलीत राहिली होती, पंधरा दिवस. त्यामुळे घरात सकाळचा फोन ठरलेला. काका ओरडून सांगायचे, ‘चौतीस!’ आणि मी दवाखान्यातून आले की मावशी विचारायची, ‘तुझं किती?’ मी म्हणायचे, ‘चौदा.’ फूट आणि मिलिमीटर एकाच स्वयंपाकघरात. नदी अडतिसाला थांबली आणि उतरली. माझं एकोणिसापर्यंत गेलं.

शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं असतं, कारण त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी बीजं काढतात. माझी वेळ रात्री साडेदहा. नवरा पुण्याहून निघाला तो पेठ नाक्याच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकला. मग मावशीनं सुई दिली. सत्तर वर्षांची बाई, चष्मा नाकावर, हात जराही हलला नाही. ‘म्हशीला दिल्यात इंजेक्शनं मी,’ म्हणाली. आम्ही दोघी इतक्या हसलो, की काका वर बघायला आले.

बीजं निघाली तीन. पक्व दोन. पाचव्या दिवसापर्यंत टिकलेला गर्भ एक.

तुम्ही पंचविशी-तिशीत असाल तर तुम्हाला वाटेल, विज्ञान एवढं पुढे गेलंय, काहीतरी निघेलच. भारतात टेस्ट ट्यूब बेबी नवी नाही, ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमनं हर्षा चावडाचा जन्म घडवला, तेव्हा मी अगदी लहान होते. म्हणजे हे शास्त्र जवळपास माझ्याच वयाचं. पण ते बीजाचं वय कमी करत नाही. एवढं मला कुणी तिशीत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अप्रेझलच्या फॉर्मपेक्षा महत्त्वाचं होतं ते.

ट्रान्स्फरनंतरचे चौदा दिवस मी साताऱ्यात काढले. आई ‘शुगर कंट्रोलमध्ये दिसत्येय’ म्हणून खूश. मी रोज संध्याकाळी राजवाड्यापर्यंत चालत जायचे, चौपाटीवरच्या भेळेकडे बघायचे आणि परत यायचे. राजवाड्याशी थांबलं की शाळेतला इतिहास आठवायचा. शाळेत तो सनावळीपुरता होता, आता वेगळाच दिसायला लागला. या गादीची गोष्टच मूल नसण्याची आहे. थोरले शाहू महाराज १७४९ मध्ये गेले तेव्हा मागे मुलगा नव्हता, ताराबाईंनी नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे गादीवर आले. रामराजांनंतर १७७७ मध्ये दुसरे शाहू, तेही दत्तक. आणि त्यांचे चिरंजीव शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज एप्रिल १८४८ मध्ये वारले, तेव्हा त्यांनीही शेवटच्या घटकेला दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीनं तो मानला नाही आणि संस्थान खालसा केलं. पोटचा नाही म्हणून राज्य गेलं, त्या धोरणातलं हे पहिलंच राज्य. त्याआधी दोनदा इथे दत्तक मुलगा छत्रपती झाला होता आणि त्यापायी राज्य गेलं नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र डलहौसी बसला होता, हे मला त्या चालण्यांत कळलं.

चौदाव्या दिवशी पोवई नाक्याजवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट दुपारी मोबाइलवर आला तेव्हा आम्ही अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर होतो. गाडी वरपर्यंत जाते. वर धुकं होतं, खालचं गाव दिसत नव्हतं. निगेटिव्ह. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘हॅण्डब्रेक ओढलाय ना मी?’ ओढला होता.

घरी आलो. आईनं चहा पुढे ठेवला. मी घोट घेतला तर साखर होती, नेहमीपेक्षा चमचाभर जास्तच. मी वर बघितलं. ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, ‘मावशीचा फोन आला होता मागं, पहिल्याच महिन्यात. तूच सांगशील म्हणून थांबले.’ मग पेढ्यांचं खोकं काढलं.

सांगलीच्या मॅडमनी डोनर बीजाचा पर्याय समजावला. कायदा आता स्पष्ट आहे. २०२१ च्या कायद्यानुसार पन्नाशीच्या आतली बाई आणि पंचावन्नच्या आतला पुरुष उपचार घेऊ शकतात, बीज देणारी तेवीस ते पस्तीस वयाची लागते आणि आयुष्यात एकदाच देऊ शकते. तरुण बीजानं शक्यता बरीच वाढते, हेही त्यांनी कागदावर लिहून दिलं. ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावं. माझी एक मैत्रीण केलंय आणि तिचा मुलगा घरभर धुमाकूळ घालतो. मला पुन्हा सुया नको होत्या. कंटाळा हे कारण लोकांना पुरेसं वाटत नाही, पण शरीर माझं आहे.

मग दत्तकाचे नियम वाचले. तिथे नवराबायकोच्या वयांची बेरीज बघतात, नोंदणीच्या दिवशीची. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं तर बेरीज पंच्याऐंशीपर्यंत, दोन ते चार वर्षांचं हवं तर नव्वदपर्यंत. माझे बेचाळीस, ह्याचे सेहेचाळीस. अठ्ठ्याऐंशी. म्हणजे तान्हं बाळ गेलं. ते वाचून मी रडले, बाथरूममध्ये, नळ सोडून. दर वर्षी बेरीज दोननं वाढते, हे गणित ह्यानं शांतपणे जेवणाच्या टेबलावर मांडलं. नंतर वाटही वर्षानुवर्षं बघावी लागते. आई म्हणाली, ‘दोन-तीन वर्षांचं म्हणजे शी-शूचं बघायला नको. बरंच झालं की.’

फॉर्मला कुटुंबाचा फोटो लागतो. आमच्याकडे दोघांचा धड फोटो नव्हता. जे होते त्यात मागे लोणावळा किंवा पुढे वाढदिवसाचा केक. म्हणून रविवारी सकाळी राजवाड्याकडच्या एका जुन्या स्टुडिओत गेलो. आई ‘मी नुसतं बघायला येते’ म्हणून आली, पण नेसली होती पैठणी.

फोटोग्राफरनं पडदा ओढला, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘दोघंच ना?’

ह्यानं ‘हो’ म्हटलं. मी म्हटलं, ‘सध्या.’

सहा कॉप्या काढल्या, एक आईनं ठेवून घेतली.